पाठमोरा उस्ताद

मला चहाचा लय राग येतो. प्यायचा नाही, न्यायचा. दर हिवाळ्यात पंधरा दिवस आमच्या अंगणात कॉलेजची पोरं नालबंदी शिकायला येतात. जनावरांच्या दवाखान्यात लागण्यासाठी डिप्लोमा करणारी ही पोरं. त्या पंधरा दिवसांत मी रोज तीन वेळा त्यांच्यापुढे ट्रे घेऊन जाते. आमच्या घरात चार पिढ्या घोड्याला नाल आणि बैलाला पत्री ठोकायचं काम. मी त्या घरची एकुलती एक लेक. खुरात खिळा कुठपर्यंत जाऊ द्यायचा हे मला त्या पोरांच्या कितीतरी आधीपासून कळतं. पण हातोडी त्यांच्या हातात आणि ट्रे माझ्या हातात. घ्या आता!

माझं सासर वाशिमातच, दोन गल्ल्या सोडून. आई गेल्यापासून दुपार मी माहेरीच काढते. अब्बांचं जेवण, अंगणाची झाडझूड, पोरांचं हजेरीचं रजिस्टर, सगळं माझ्याकडे. घरात आम्ही आपसात बोलतो ती उर्दू-हिंदीची खिचडी. पण अंगणात, गिऱ्हाइकांशी, पोरांशी अब्बा जन्मभर वऱ्हाडीच बोलले. म्हणून इथे त्यांचं बोलणं तसंच लिहिते.

आमचं काम दिसतं सोपं. घोड्याच्या खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी असते. तिच्यात खिळा मारला तर घोड्याला पत्ताही लागत नाही. पण त्या भिंतीच्या आत, जाड सुतळीएवढ्या अंतरावर, जिवंत मांस सुरू होतं. त्याला आम्ही 'जितं' म्हणतो. खिळा भिंतीतून तिरपा वर चढून बाहेर निघाला पाहिजे. आत वळला की जित्यात गेला, आणि मग घोडा तीन पायांवर. खिळा आत कुठे चालला आहे हे डोळ्याला दिसत नाही, ते कानाला कळतं. भिंतीत असतो तोवर आवाज टणक येतो, टक टक. आत वळला की भद्द. फरक एवढासाच असतो, आणि तो एका घावापुरताच असतो. पुढचा घाव घातला की जनावर कामातून गेलं.

म्हणून आमच्या आजोबांनी शिकवायची एक रीत घालून दिली होती. शिकणारा खिळा ठोकतो आणि उस्ताद जनावराकडे पाठ करून उभा राहतो. उस्तादानं बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. आवाज बदलला की म्हणायचं, "थांब." शिकणाऱ्यानं तिथल्या तिथे हात रोखायचा आणि खिळा उपटायचा. शेवटच्या दिवशी परीक्षा. अख्खी नाल ठोकून होईपर्यंत एकदाही 'थांब' आलं नाही तर पास, एकदा जरी आलं तरी नापास. एका पोरानं अब्बांना विचारलं होतं, उस्ताद, पाहिलं तर काय बिघडते? अब्बा म्हणाले, "पाहून राह्यलो तर तुह्या तोंडाकडे पाहीन. मले तुही कीव येईन. तवा पाठच बरी."

लोक आपली हजारोंची घोडी शिकाऊ पोरांच्या हातात देत, ती या पाठीच्या भरवशावर. वरातीची घोडी बाळगणारे सगळे आमच्याकडेच येत. त्यांचं एकच म्हणणं असायचं, पोट्ट्यायले ठोकू द्या, पण चाचा उभे पाहिजेत.

मला कोणी काही शिकवलं नाही. स्वयंपाकघराचं दार अंगणात उघडतं. पोळ्या लाटता लाटता कानावर पडलं ते पडलं. दहाबारा वर्षांची असताना अब्बांच्या आधी माझ्या तोंडून 'थांब' निघायचं आणि आई माझ्या पाठीत धपका घालायची. पुढे मोठी झाल्यावर, पोरांना सरावासाठी आणलेले मेलेल्या जनावरांचे खूर कोपऱ्यात पडलेले असत, त्यांच्यावर मी दुपारी अब्बा झोपले की गपचूप ठोकून बघायची. उठून ते बाहेर यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवायची.

आता मूळ गोष्टीवर येते. तीनेक वर्षांपूर्वी अब्बांचे कान जायला लागले. जन्मभर ऐरणीजवळ राहिलेला माणूस, दुसरं काय होणार? आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग कुकरची शिट्टी ऐकू येईना. मी डॉक्टरकडे चला म्हटलं की उसळायचे. "माह्या कानाले काय धाड भरली? तूच हळू बोलतं!" त्यांच्या स्वतःच्या कामात मात्र काडीचा फरक पडला नव्हता. घोड्याचा पाय त्यांच्या गुडघ्यांत असायचा, हातोडीचा दांडा हातात. खिळा कुठे चालला ते त्यांना हाताला कळायचं. पण पाठ करून उभं राहिल्यावर हात काय कामाचा?

पहिल्यांदा झालं ते असं. एक पोरगा नाल ठोकत होता, अब्बा पाठमोरे उभे, मी समोर दारात ट्रे घेऊन. चांगला टक टक आवाज येत होता आणि एकदम भद्द झालं. अब्बा गप्प! मला वाटलं आता म्हणतील, आता म्हणतील. माझ्या हातातला ट्रे दाणकन दारापुढच्या ओट्यावर टेकला. अब्बांनी माझं तोंड पाहिलं आणि ओरडले, "थांब!" पोरानं खिळा उपटला. टोक आत वळलेलं. सगळी पोरं आ वासून अब्बांकडे बघायला लागली. अब्बा माझ्याकडे बघत होते. मी रिकामे ग्लास गोळा केले आणि आत गेले.

त्यानंतर अब्बा नेहमी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून उभे राहू लागले. मी दारात ट्रे धरून उभी राहू लागले. आवाज बदलला की मी ट्रे खाली ठेवायची. अब्बा म्हणायचे, "थांब." या गोष्टीवर आम्ही बापलेक तीन वर्षांत एक शब्द बोललो नाही.

मी सांगायला पाहिजे होतं, हे आता सगळे म्हणतात. मलाही तेव्हा कळत होतंच की. पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. कोण पास, कोण नापास, हे दारात उभी असलेली चहावाली ठरवत होती आणि एकाही शहाण्याला पत्ता नव्हता.

यंदा परीक्षेला अनसिंगची घोडी आली. पांढरीशुभ्र, शांत. तिचा मालक तिकडचा मेथी-कोथिंबीर लावणारा शेतकरी, लग्नसराईत वरातीला घोडी नेतो. आमचा जुना गिऱ्हाईक. त्याच दिवशी संध्याकाळी त्याची एक वरात ठरलेली होती. टेम्पोतून घोडी उतरवली आणि नेहमीसारखं म्हणाला, "चाचा, तुमी उभे राहा म्हंजे झालं. मले मंग घोर नाई." पुढच्या दोन पायांना नवी नाल मारायची होती. कॉलेजचे सर खुर्ची टाकून कागद घेऊन बसले होते. उजवा पाय एका पोरानं केला, त्याला तिसऱ्या खिळ्यावर 'थांब' आलं. ट्रे ठेवला, उचलला. तो हिरमुसून बाजूला झाला आणि मग अब्बांनी तो पाय स्वतः पुरा केला.

डावा पाय इंझोरी गावच्या एका पोरीकडे होता. यंदाची ती एकटीच पोरगी. काम चोख, बोलणं कमी. खरं सांगते, पहिले आठ दिवस मी तिच्यावर जळले. परक्या पोरीच्या हातात अब्बा स्वतः हातोडी देतात, धरायची कशी ते दाखवतात! पण तिचा हात बघितला आणि माझा राग निवळला. ती पास व्हावी असं मला मनापासून वाटत होतं.

तिनं पाय गुडघ्यांत घेतला. अब्बा पाठ करून उभे राहिले, मी दारात. एवढ्यात एक पोरगा मोबाईल घेऊन थेट अब्बांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "उस्ताद आयकते कसे, त्याचा व्हिडिओ काढतो." त्याला अब्बांचं तोंड पाहिजे होतं. तो उभा राहिला आणि मी त्याच्यामागे झाकली गेले. मला अब्बांची फक्त टोपी दिसत होती.

अब्बा डावीकडे सरकले. पोरगाही सरकला. "उस्ताद, हलू नका ना." अब्बांनी हातानं बाजूला हो म्हणून खुणावलं, तर त्याला वाटलं अब्बा लाजतात. सर हसून म्हणाले, "काढ, चांगला काढ. कॉलेजात दाखवू." मी एक पायरी उतरले. तिथून तर टोपीही दिसेना. परत वर चढले. तोवर पोरीनं पहिला खिळा ठोकायला घेतला होता.

पहिला गेला. टक टक टक, टोक बाहेर. दुसरा गेला. मी एकीकडे आवाज ऐकत होते आणि एकीकडे मनातल्या मनात त्या मोबाईलवाल्याला शिव्या देत होते. हलकटा, हो ना बाजूला! तिसरा गेला. अजून तीनच राहिले होते. मी म्हटलं, या अल्लाह, हे तीन जाऊ दे, पुन्हा नाही असं करणार.

चौथा. टक. टक. भद्द.

मी ट्रे ठेवला. ठेवला काय, आपटला. पण ते अब्बांना दिसणार कसं? त्यांच्यासमोर मोबाईल होता.

शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. पण मी ओरडले असते तर सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं असतं. ही कशी बोलली? उस्ताद का नाही बोलले? पुढचं सगळं एका मिनिटात उघडं पडलं असतं, सरांपुढे, मालकापुढे. दोन घावांमध्ये माणूस किती विचार करू शकतो बघा. पोरीनं हातोडी वर उचलली होती आणि ती तिथेच थांबली होती. तिनं मान वळवून अब्बांच्या पाठीकडे पाहिलं. वाट पाहिली. पाठीकडून काहीच आलं नाही. अब्बा ताठ उभे होते, मोबाईलकडे बघत. मीही गप्प होते.

तिनं घाव घातला.

घोडीनं पाय हिसडला आणि ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. पोरगी बाजूला फेकली गेली. मालक लगामाला लोंबकळला. आणि तेव्हा, सगळं झाल्यावर, मी ओरडले, "थांब!" काय उपयोग होता त्याचा?

घोडी खाली आली ती डावा पाय अधांतरी धरून. अब्बा वळले. एका नजरेत त्यांना कळलं. त्यांनी जाऊन तिच्या मानेवर हात ठेवला, पाय गुडघ्यांत घेतला आणि पकडीनं तो खिळा ओढून काढला. टोकाला रक्त होतं. तो खिळा तळहातावर घेऊन ते नुसते बघत राहिले.

पोरगी रडत होती. म्हणाली, "उस्ताद, मले आवाज बदलल्यासारखा वाटला होता. मी थांबलीबी होती. पन तुमी काई बोल्ले नाई. मंग मले वाटलं, माहाच कान चुकला."

अब्बांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, आणि दुसऱ्यांदा म्हण असं बोटानं खुणावलं. ती पुन्हा मोठ्यानं तेच बोलली. एवढं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सर मध्ये पडले. "जाऊ द्या उस्ताद, पोरगी नवीन आहे. होते असं. नापास लिहितो."

अब्बांनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांची नजर ओट्यावरच्या ट्रेवर गेली होती. मग माझ्याकडे. "तुले आयकू आलं होतं?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. मान तर त्यांना दिसत होती.

"घाव घालाच्या आंधी?"

मी पुन्हा मान हलवली.

"मंग काहून नाई बोल्ली?"

"तुमच्यासाठी, अब्बा."

"माह्यासाठी?" ते म्हणाले. "आन् या घोडीच्या पायाचं काय?"

मग ते सगळ्यांकडे वळून बोलले. आवाज थोडा मोठाच होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा. "तीन वर्सं झाले, मले पाठीमागचा आवाज समजत नाई. 'थांब' मी माह्या कानानं नाई म्हनत होतो, माही पोरगी दारातून खूण करत होती. या पोरीची चूक नाई. तिचा कान बरोबर हाये, हे लिहून घ्या."

मोबाईलवाल्यानं मोबाईल खिशात घातला. सर कागदाकडे बघत बसले. घोडीचा मालक बोलला तो हळू आवाजात. "म्हंजे मी तीन वर्सं कोनाच्या भरोशावर घोडी आनून राह्यलो, चाचा?" त्यानं घोडीच्या अधांतरी पायाकडे पाहिलं. "आता नवरदेवाले कायच्यावर बसवू?"

जखम धुतली, औषध भरलं. डॉक्टर येऊन धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन गेले. घोडी लंगडत टेम्पोत चढली. अंगण रिकामं झाल्यावर अब्बा मला एवढंच म्हणाले, "उद्यापासून तू अनसिंगले जाय. तिचा पाय बरा होयेपर्यंत."

मी गेले. रोज सकाळी काळीपिवळी जीपमध्ये बसून. कोमट मिठाच्या पाण्यात घोडीचा पाय वीस मिनिटं धरायचा, पुसायचा, औषधाचा बोळा भरायचा, फडकं बांधायचं. मला पाहिलं की ती आधीच पाय उचलून धरायची. तो उचललेला पाय पाहून माझे डोळे भरून यायचे. मालक पाण्याची बादली आणून ठेवायचा आणि मेथीच्या वाफ्यात निघून जायचा. चार दिवस त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी तो स्वतः चहा घेऊन आला. मी मुकाट्यानं प्यायले.

घरी अब्बा रोज एकच प्रश्न विचारायचे. पाय टेकवते? मी नाही म्हणायची. नवव्या दिवशी घोडीनं चारी पायांवर सारखा भार दिला आणि मी घरी येऊन मान हलवली. दहाव्या दिवशी अब्बा धुतलेली टोपी घालून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून माझ्याआधी काळीपिवळीत जाऊन बसले.

अनसिंगला पोचल्यावर त्यांनी घोडीचा पाय तपासला, दाबून पाहिला. नाल तयार करूनच आणली होती. मग पिशवी माझ्यासमोर ठेवली.

"ठोक."

"मी?"

"मंग कोन?"

मालक पुढे आला. "चाचा, या बाईनं कधी ठोकली काय नाल?"

अब्बांनी त्याच्या ओठांवरून ओळखलं. "जित्या जनावराले नाई ठोकली. मेलेल्या खुरायवर दुपारी ठोकत असते. तिले वाटते मी झोपेल हावो. रोज उठून पाहतो, खिळे बरोबर निघेल असतात." मग मालकाकडे बघून म्हणाले, "घोडी तुही हाये. नाई म्हन, आमी जातो."

मालकानं घोडीच्या नाकावरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं. दहा दिवस मी त्याच्या अंगणात उकिडवी बसले होते. "तुमी उभे राहता काय?" त्यानं अब्बांना विचारलं, आणि विचारता विचारताच गप्प झाला.

"राहतो," अब्बा म्हणाले, आणि घोडीकडे पाठ करून उभे राहिले.

त्यांच्यासमोर मेथीचे वाफे होते. दार नव्हतं, ट्रे नव्हता, खूण करणारं कोणी नव्हतं. त्यांना काही ऐकू येणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

नालेला सहा भोकं होती. जखमेचं एक सोडायचं, पाच खिळे. मी पाय गुडघ्यांत घेतला. तो गरम होता, जड होता, आणि मेलेल्या खुरासारखा मुळीच नव्हता. पहिला खिळा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला आवाज किंचित बसला. भद्द नव्हे. पण टक पण नव्हे. घोडी हलली नाही. मालकाला काही कळलं नाही. अब्बांची पाठ तशीच. अजून एक घाव घातला असता तर कदाचित नीटच निघाला असता.

मी खिळा उपटला. थोडा बाहेरच्या अंगाला धरून पुन्हा मारला. टक टक टक, टोक बाहेर. चौथा, पाचवा. टोकं मोडली, वळवली, कानस फिरवली आणि पाय खाली ठेवला. घोडीनं तो टेकवला आणि शेपटी हलवली.

"झालं," मी म्हटलं.

पाठ हलली नाही. मला जाऊन अब्बांच्या कोपराला हात लावावा लागला. ते वळले, पण त्यांनी घोडीकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"किती डाव थांब म्हनाव लागलं?"

काहीही सांगितलं असतं तरी त्यांना कळणार नव्हतं. मी एक बोट वर केलं. "तिसऱ्याले."

"मंग नापास," अब्बा म्हणाले. त्यांनी वाकून पकड, कानस, उरलेले खिळे पिशवीत भरले आणि पिशवी खांद्याला लावली. हातोडी मात्र त्यांनी माझ्या हातातून घेतली नाही.